ध्वजाकडे पाठ

१४ ऑगस्ट २०२५, गुरुवार. सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे झाली होती. कर्णबधिर मुलांच्या ज्या निवासी शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले, तिथल्या मुख्याध्यापकांचा फोन आला. मी पिपरी मेघे गावातल्या माझ्या घरी वर्तमानपत्र वाचत होतो. निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली. या सोळा वर्षांत शाळेने मला बोलावले ते कुणाला तरी हार घालण्यासाठी. या वेळचा आवाज निराळा होता.

"सर, तुमी जरा शाळेत येऊन जा. तुमची जुनी विद्यार्थिनी पोरांले बिघडवून राह्यली. उद्याचं गाणं तिनं पार बदलून टाकलं. मी सांगतलं, तर मान हलवते अन् आपलंच करते. ऐकतच नाई."

बहिऱ्या बाईविषयी हे वाक्य उच्चारल्यावर त्यांना स्वतःलाच हसू आले. मी फोन ठेवला.

हे गाणे कोणते, ते सांगणे आवश्यक आहे. शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापकांनी ते रचले. मातृभूमीच्या पायांतील शृंखला, त्या तोडण्यासाठी झालेले बलिदान आणि नंतरची पहाट, एवढा त्यातला आशय. पंधरा ऑगस्टला राष्ट्रगीत संपले की शाळेतील मुले ते हातांनी सादर करतात. त्या हातांच्या खुणा मी बसवलेल्या आहेत. माझे काम कुणीतरी मोडले म्हणून मला राग आला, हे मी लपवणार नाही. मी सदरा बदलला आणि ऑटो केला.

मी नोकरीला लागलो तेव्हा शाळेत हातांना बंदी होती. हात वापरणारे मूल बोलायला शिकत नाही, असे पहिल्या मुख्याध्यापकांचे मत होते. वर्गात मुलांनी हात पाठीमागे बांधून बसावे, असा नियम होता. पंधरा ऑगस्टला मुले रांगेत उभी राहून नुसती तोंडे उघडीत. मागे पडद्याआड एक शिक्षक गात असे. लाकडी चौथऱ्यावर ढोल ठेवलेला असे, म्हणजे ठोका मुलांच्या तळपायांना कळे. मंडपातल्या लोकांना वाटे की मुलेच गात आहेत. लोक डोळे पुसत. मी पुसले नाहीत. ती फसवणूक होती, आणि ती करणाऱ्यांत मीही होतो, कारण तो ढोल वाजवण्याचे काम माझ्याकडे होते.

ते मुख्याध्यापक निवृत्त झाल्यावर मी हातांची परवानगी मिळवली. एका दिवाळीच्या सुट्टीत बसून गाण्यातल्या प्रत्येक शब्दाला एक खूण ठरवली. ज्याला नव्हती त्याला तयार केली. "आणि" या शब्दालाही केली. शब्दांचा क्रम हलू दिला नाही. विचारण्यासारखा एक बहिरा माणूस शाळेतच होता. तो स्वयंपाकघरासाठी लाकडे फोडत असे. त्याला विचारावे असे मला सुचले नाही. मी शिक्षक होतो आणि तो लाकडे फोडत होता, एवढेच त्याचे कारण.

मग मी कवायत बसवली. पांढऱ्या लांब बाह्या, कोपर खांद्याच्या रेषेत, चेहरा निर्विकार. चाळीस मुलांचे हात एकाच क्षणी वर जात तेव्हा बाह्यांचा एक आवाज होई, तोही एकच. आम्हाला जिल्ह्याचे पारितोषिक मिळाले. ती ढाल शाळेच्या कपाटात अजून आहे.

मांडणी अशी असे. पाहुण्यांचा मंडप मैदानाच्या पश्चिमेला, कडुनिंबांच्या सावलीत. ध्वजस्तंभ मैदानाच्या मध्यभागी. पाहुण्यांना मुलांचे हात दिसले पाहिजेत म्हणून मुले मंडपाकडे तोंड करून उभी. मी मंडपापुढे, राष्ट्रगीत संपले की बुटक्या स्टुलावर बसे, म्हणजे पाहुण्यांची नजर अडत नसे. गाणे केव्हा सुरू झाले ते मुलांना ऐकू येत नाही. माझे हात पाहूनच त्यांना सुरुवात करावी लागे. म्हणून दोरी ओढली जाण्याआधीपासून प्रत्येकाचे डोळे माझ्यावर खिळलेले असत. मान वळवायची नाही, हा पहिला नियम होता.

या व्यवस्थेत काय चुकते, ते मला एकतीस वर्षे दिसले नाही. ज्यांना ऐकू येते अशा कोणालाच ते दिसले नाही.

जिच्याबद्दल फोन आला होता ती रोहणा गावची. वडील शेतकरी. सातव्या वर्षी शाळेत आली आणि नऊ वर्षे राहिली. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी. तिच्यासारखे स्वच्छ खुणा करणारे हात त्या शाळेने नंतर पाहिले नाहीत. आता ती एकेचाळीस वर्षांची आहे, सेलूला राहते, तिला ऐकू येणारी एक मुलगी आहे. मागच्या वर्षी तिने सांकेतिक भाषेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि या जूनपासून तासिका तत्त्वावर शाळेत शिकवू लागली. शाळेच्या इतिहासात बहिऱ्या मुलांना शिकवणारी ही पहिली बहिरी व्यक्ती.

मी पोहोचलो तेव्हा मैदानात तालीम चालली होती. पाऊस थांबला होता, मुरूम ओला होता. मुले रांगेत नव्हती. ती अर्धवर्तुळात उभी होती आणि सर्वांचे हात एकदम हलत नव्हते. एक मुलगा पुढे येई, काही करी, मागे जाई. मग दुसरी मुलगी. कुणी वाकून पेरत होते, कुणी कापत होते, आणि एक उंच मुलगा ताठ चालत येऊन सगळ्यांपुढचे उचलून नेत होता. शेवटी सर्वांची मनगटे एकमेकांवर आली आणि एकेकाची सुटली. कुणाची लवकर, कुणाची उशिरा. एका लहान मुलीची सुटतच नव्हती, तेव्हा शेजारणीने ओढून सोडवली. मग तीच लहान मुलगी जमिनीकडे बोट दाखवून, शेजारणीच्या छातीला आणि मग स्वतःच्या छातीला बोट लावत होती.

मला तो गोंधळ वाटला. मी पुढे गेलो. तिने मला पाहिले आणि दोन भुवयांच्या मध्ये एक बोट टेकवले. मुलांनी मला ठेवलेले खुणेतले नाव ते आहे, कपाळावरच्या आठीवरून. मी हातांनी बोललो, तीही. इथे ते मराठीत लिहीत आहे.

"हे गाणे नाही," मी म्हणालो. "ही गोष्ट आहे."

"गाणे तुमच्याकडे आहे, सर. आमच्यापर्यंत गोष्ट तरी येऊ द्या."

"शृंखला कुठे आहे? माता कुठे आहे?"

"होती ना आत्ता. तुम्ही रांग शोधत होता."

"मूळ शब्दांना धक्का लावायचा नाही."

"बरे. तुमची दुसरी ओळ करा. जशी शिकवली तशी."

मी केली. कोपर खांद्याच्या रेषेत. तिने बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीला पुढे बोलावले आणि विचारले, सर काय म्हणाले? मुलीने माझ्याकडे पाहिले, विचार केला, आणि गंभीरपणे उत्तर दिले.

"कुणाच्या तरी आईच्या पायावर लोखंड पडले. पाय तुटला." मग तिने मला विचारले, "दवाखान्यात नेले का?"

मुले हसली नाहीत. सगळी उत्तराची वाट पाहत होती. दवाखान्यात नेले का, हा प्रश्न त्यांना योग्यच वाटला.

"मी तेच समजत होते," माझी जुनी विद्यार्थिनी म्हणाली. "नऊ वर्षे. मला वाटायचे, तुमच्या आईबद्दल आहे. म्हणून तुम्ही कधी हसत नाही."

एवढ्यात मुख्याध्यापक आले. माझ्या हाताखाली तीन वर्षे काम केलेला माणूस. वाकून नमस्कार केला.

"पाह्यलं नं सर? काही शिस्त हाये का याच्यात? उद्या पाहुणे येऊन राह्यले. त्याईनं आपला जुना कार्यक्रम मोबाईलवर पाह्यला. म्हणे, असंच पाहिजे. आता तुमीच सांगा तिले. नाई तर मी दुसरी सोय करून ठेवली हाये."

"कोणती?"

"कॉलेजच्या पोरी हायेत. तिरंगी बांगड्या घालून मस्त करतात. व्हिडिओ पाहून बसवलं त्याईनं."

"त्या मुलींना सांकेतिक भाषा येते?"

"भाषा नाई येत. पण दिसाले चांगलं दिसते."

"आणि आपली मुले?"

"बसतील नं चटईवर. पाहतील."

संतापलेल्या माणसाने लगेच बोलू नये, हे मी मुलांना शिकवत असे. मी तिच्याकडे वळलो आणि पर्याय सांगितला. उद्यापुरते जुने कर. सव्वीस जानेवारीला तुझे करू. नाहीतर मुलांच्या जागी बांगड्या उभ्या राहतील.

मुले पाणी प्यायला गेली होती. तिने मुख्याध्यापकांकडे पाहिले, मग स्तंभाकडे.

"ठीक. तुमचे करीन," ती म्हणाली. "जसेच्या तसे. पण मुले झेंड्याकडे तोंड करून उभी राहतील."

"तसे केले तर मंडपातून हात दिसणार नाहीत. पाठी दिसतील."

"झेंडा उघडताना तुम्ही पाहिला आहे?"

"दर वर्षी."

"आम्ही एकदाही नाही. तो आमच्या मागे उघडायचा. आमच्या समोर तुम्ही होता." मग तिने दोन्ही हातांची बोटे डोक्यावर वरून खाली सोडली, हलकेच, दोनदा. ही खूण मी वसतिगृहात वर्षानुवर्षे पाहिली होती. मुले पंधरा ऑगस्ट या दिवसाला तसे म्हणत, एवढे मला ठाऊक होते. तसे का म्हणतात ते विचारले नव्हते.

"पाकळ्या," ती म्हणाली. "झेंड्यात बांधलेल्या. आम्हाला तेवढ्याच कळायच्या. केसांत पडायच्या. आम्हाला वाटायचे, पाहुणा मागून फुले फेकतो. लग्नात अक्षता टाकतात तशी. म्हणजे आज आपल्यावर अक्षता पडणार, असे लहान मुलांना आदल्या रात्री सांगायचो. माझ्या मुलीच्या शाळेत मी झेंडा उघडताना पहिल्यांदा पाहिला, तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. मी तिथे रडले. बायांना वाटले, देशप्रेम आहे."

तिने हात खाली घेतले.

मला एक वर्ष आठवले. ती बारा वर्षांची असेल. दोरी ओढली गेली, पाकळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसऱ्या मुलीची मान वळली. फुले कोण फेकतो ते तिला पाहायचे होते, हे मला आज कळले. तेव्हा मी एवढेच पाहिले की माझी रांग मोडली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तिच्या बोटांवर लाकडी पट्टीने चार फटके मारले. बहिऱ्या मुलीच्या बोटांवर. ती बोटे म्हणजे तिचे बोलणे आहे, हे मला तेव्हाही माहीत होते. म्हणूनच मी तळहात निवडला नाही.

तिने त्याचा उल्लेख केला नाही. मीही केला नाही. माफी मागावी असे वाटले. पण माफी मागून मी माझे ओझे तिच्या हातांत दिले असते, आणि त्या हातांना उद्याचे काम होते.

मी मुख्याध्यापकांना त्यांच्या खोलीत घेऊन गेलो. खुर्चीवर बसलो नाही.

"ध्वज उलगडताना उपस्थितांनी ध्वजाकडे तोंड करून सावधान उभे राहायचे असते. हा नियम तुम्हाला ठाऊक आहे?"

"हाये नं सर."

"आपली मुले ध्वजाकडे पाठ करून उभी असतात."

ते गडबडले. "पण हे तर तुमच्याच काळापासून चालू हाये."

"होय. एकतीस वर्षे मी चुकलो. त्यानंतरची सोळा वर्षे शाळा चुकली. उद्या चुकायचे नाही. मुले पूर्वेकडे, स्तंभाकडे तोंड करतील, आणि तिने बसवलेले गाणे करतील."

"मंग पाहुण्यांले काय दिसंल? पोरांच्या पाठी?"

"पाहुण्यांच्या खुर्च्या उचलता येतात. स्तंभ उचलता येत नाही."

"मंडप बांधून झाला सर. आता काऊन एवढं ताणून राह्यले तुमी? एका दिवसाचा तर कार्यक्रम हाये."

"तुमच्यासाठी एका दिवसाचा. वसतिगृहातली मुले पंधरा ऑगस्टला अक्षतांचा दिवस म्हणतात. का म्हणतात, ते बाहेर जाऊन त्यांना विचारा. विचारता येत नसेल तर ती सांगेल, मी भाषांतर करीन."

मी पुढे म्हणालो, "मुले उद्या मंडपाकडे वळवलीत, तर मी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी तक्रार देईन. त्यात दोषी म्हणून पहिले नाव माझे असेल, दुसरे तुमचे. तारखेसकट. आणि त्या कॉलेजच्या मुलींना जरूर बोलवा. चटईवर बसतील. पाहतील."

ते बराच वेळ टेबलावरची काच बोटाने पुसत होते. मग त्यांनी मंडपवाल्याला फोन लावला आणि खुर्च्यांच्या दोन रांगा स्तंभाच्या पलीकडे मांडायला सांगितल्या. पाहुण्यांना मुलांचे चेहरे दिसावेत म्हणून. त्यात त्यांचा मोठेपणा नव्हता. पण खुर्च्या लागणार होत्या.

एक अडचण उरली होती आणि ती मी तिला सांगितली. मुले ध्वजाकडे पाहतील, परंतु राष्ट्रगीत केव्हा सुरू झाले हे त्यांना कोण दाखवणार? स्तंभाच्या बुंध्याशी, मुलांकडे तोंड करून, ऐकू येणारा कुणीतरी उभा राहिला पाहिजे. म्हणजे वर झेंडा आणि खाली हात, दोन्ही एका नजरेत येतील. अशा माणसाची पाठ ध्वजाकडे असणार. त्याला झेंडा दिसणार नाही.

"मी उभी राहते," ती म्हणाली. "शिपाई मला लांबून हात दाखवील."

"तू मुलांच्या रांगेत उभी राहशील. या मैदानावर. बुंध्याशी मी राहीन."

"तुम्हाला नवे येत नाही."

"शिकव."

दुपारी दोन ते पाच ती मला शिकवत होती. माझे वय चौऱ्याहत्तर आहे. उजवा खांदा वर जात नाही. तिने सांगितले, नेऊ नका वर, तुमची कवायत संपली. माझी बोटे शब्द शोधत आणि ती मनगट धरून थांबवी. "शब्द नको. पेरा. खरेच पेरा. बी कुठे पडले ते बघा." मी पेरले. "आता नेणारा येतो. त्याच्याकडे बघा." मी पाहिले. तिने मान हलवली.

"हात बरोबर आहेत, सर. चेहरा कुठे आहे?"

"आहे तोच आहे."

"हा बंद दुकानाचा चेहरा आहे. माझे धान्य कुणी नेले तर मी अशी पाहीन?" मुले आता मात्र हसली. ती दवाखानावाली मुलगी पुढे आली आणि तिने आपला चेहरा करून दाखवला. राग, एवढा स्पष्ट राग, की मी क्षणभर मागे सरलो. मुलांचे चेहरे निर्विकार ठेवण्यासाठी मी किती परिश्रम घेतले होते, ते मला आठवले. मी तिच्यासारखा चेहरा करण्याचा प्रयत्न केला. राग मला अवघड गेला नाही. तो दिवसभर तयार होता.

"आता बरे," माझी शिक्षिका म्हणाली. "आता कळते, कुणाचे काय नेले."

साडेपाचला तिची सेलूची गाडी होती. जाताना तिने सकाळची वेळ विचारली. मी सात सांगितली. ती म्हणाली, मुलांना आज रात्री काही सांगू नका. वर बघा, एवढेच सांगा. मी वसतिगृहाच्या अधीक्षकांना तसे कळवले.

मग मी शिपायाकडून चुन्याची फक्की आणि घमेले मागवले. स्तंभापासून चार पावले मोजून तिथे उभा राहिलो. त्या उंच मुलाला आणि सर्वांत बुटक्या मुलीला त्यांच्या जागी उभे केले आणि दोघांनाही विचारले, माझे हात आणि स्तंभाचा शेंडा एकदम दिसतो का? बुटक्या मुलीला दिसत नव्हता. मी स्तंभाकडे एक पाऊल मागे गेलो, आणखी अर्धे गेलो. तिने मान डोलावली. तिथे मी फक्कीने चौकोन आखला.

शिपाई बाजूला उभा होता. "द्या मले सर, मी आखतो. एवढा मोठा काऊन केला? म्हैस बांधता काय?"

"मी उभा राहणार आहे."

"मंग त लहानच पडंल," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

पश्चिमेकडे ढग आले होते. रात्री पावसाने चुना वाहून गेला असता आणि सकाळी अंदाजाने कुठेतरी उभे राहावे लागले असते. मी घमेले चौकोनावर पालथे घातले. ते पुरेना. शिपायाकडून ताडपत्रीचा तुकडा मागवला, चौकोनावर अंथरला आणि चारही कोपऱ्यांवर एकेक वीट ठेवली.